इंजिनाची चूल, केबिनचा वैल

माझा धंदा ट्रक दुरुस्तीचा. जन्म सोलापूरचा. हैदराबाद रोडवर अब्बांचं गॅरेज होतं, तिथेच पाना धरायला शिकलो. गेली १४ वर्षे मी कॅनडातल्या विनिपेग शहरात मोठ्या ट्रकांच्या वर्कशॉपमध्ये काम करतो. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. जानेवारीत विनिपेगमध्ये तो शून्याखाली ३० पर्यंत उतरतो. दोन्हीकडे डिझेलवर चालणारे ट्रकच. पण तिकडे सगळी धडपड इंजिनाची उष्णता बाहेर घालवण्यासाठी, आणि इकडे तीच उष्णता धरून ठेवण्यासाठी.

एक उदाहरण देतो. ट्रकच्या इंजिनात थर्मोस्टॅट नावाचा मुठीएवढा भाग असतो. इंजिन थंड असेपर्यंत तो पाण्याची रेडिएटरकडे जाणारी वाट अडवून धरतो आणि पाणी साधारण ८० ते ९० अंशांपर्यंत तापलं की वाट मोकळी करतो. आमच्याकडे उन्हाळ्यात "गाडी गरम होते" म्हणून एखादा ड्रायव्हर आला, की बरेच मिस्त्री थर्मोस्टॅट सरळ काढून टाकत. अब्बांना ते आवडत नसे. ते म्हणत, "दार काढून टाकलं म्हणजे घर हवेशीर होत नाही, उघडं पडतं." थर्मोस्टॅट काढलेलं इंजिन हवं तेवढं तापत नाही, डिझेल जास्त खातं, लवकर झिजतं. पण हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही आणि सोलापुरात केबिनमध्ये ऊब कोणाला हवी होती? त्यामुळे अब्बांचं कोणी ऐकत नसे. इकडे आल्यावर मला त्या मुठीएवढ्या भागाची खरी किंमत कळली.

वाचकांपैकी अनेकांना वाटत असेल, की केबिनमध्ये ऊब देणारा हीटर म्हणजे विजेची एखादी तापणारी तार असेल. तसं नाही. माझ्या आजीच्या घरी मातीची चूल होती. चुलीवर भाकरी भाजायची आणि शेजारच्या वैलावर कालवण गरम राहायचं. वैलाला वेगळा जाळ नसतो. चुलीतून उरलेली धग त्याच्याकडे जाते. ट्रकचा हीटर हा इंजिनाचा वैल आहे. इंजिनाला थंड ठेवण्यासाठी त्याच्याभोवती जे पाणी फिरतं, म्हणजे कूलंट, त्यातलं थोडं दोन रबरी पाइपांतून केबिनकडे येतं. डॅशबोर्डच्या आत एक छोटा रेडिएटर असतो, त्याला हीटर कोअर म्हणतात. गरम पाणी त्यातून जातं, पंखा त्याच्यावरून हवा फुंकतो आणि ती गरम हवा पायांवर आणि समोरच्या काचेवर येते. एवढीच यंत्रणा.

यातून दुरुस्तीचा सारा हिशोब निघतो. कालवण थंड का, हे शोधायचं तर तीनच प्रश्न आहेत. चूल नीट पेटली आहे का? धग वैलापर्यंत पोहोचते आहे का? आणि पोहोचत असेल तर ती पातेल्याला लागते का? हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारले, तर पैसा वाचतो. क्रम सोडून अंदाजाने भाग बदलत गेलं, तर बिल वाढतं आणि थंडी तशीच राहते.

मागच्या जानेवारीत माझ्याकडे नांदेडचा एक मुलगा ट्रक घेऊन आला. वय चोवीस-पंचवीस. टोरंटोकडून माल भरून निघाला होता. ते अंतर दोन हजार किलोमीटरहून जास्त आहे आणि त्यातला मोठा भाग लेक सुपीरियरच्या काठाने, जंगलातून जातो. गावं लांब लांब. बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नसते. मी मराठी बोलतो हे कळल्यावर त्याने हातातला चहा बाजूला ठेवला आणि एकदम मोकळा झाला. दखनी आणि मराठी मिसळून म्हणाला, "चाचा, पाय सुन्न होतात. ब्रेकवर पाय आहे की नाही ते बघावं लागतं."

मी विचारलं, "आणि काच?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने सीटखालून प्लास्टिकची खरवडणी काढून दाखवली. काचेवर आतल्या बाजूने बर्फ धरत होता, त्याच्याच श्वासाचा. दर दहा-पंधरा मिनिटांनी तो एका हाताने स्टिअरिंग धरायचा आणि दुसऱ्या हाताने काच खरवडायचा. समोर पंजाएवढी जागा मोकळी व्हायची, त्यातून रस्ता बघायचा. दोन रात्री त्याने असा ट्रक चालवला होता. मागे मालासकट तीस-पस्तीस टनांचं वजन.

कंपनीला कळवलं होतंस का, असं विचारलं. कळवलं होतं. फोनवरच्या माणसाने सांगितलं होतं, जाड मोजे घाल, एक जॅकेट आणखी घाल, माल वेळेवर पोहोचला पाहिजे. वाटेत एका वर्कशॉपमध्ये त्याला थांबू दिलं. तिथे त्यांनी पंख्याची मोटर बदलली आणि थर्मोस्टॅटही बदलला. मोठं बिल झालं. हवा थोडी जोरात यायला लागली, पण गरम नाही. मुलाला वाटत होतं, की आता आणखी तक्रार केली तर आपल्यालाच नालायक ठरवतील. इकडे येण्यासाठी आणि लायसन्ससाठी काढलेलं कर्ज फेडायचं होतं. घरी अम्मीने फोनवर विचारलं, "थंडी फार आहे का रे?" तर म्हणाला होता, "नाही अम्मी, गाडीत हीटर आहे."

मी पाना उचलला नाही. आधी प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न असा, की हवा कमी येते, की ऊब कमी येते? ऐकायला सारखं वाटलं तरी हे दोन वेगळे आजार आहेत. हवाच कमी येत असेल तर दोष पंख्यात, त्याच्या वायरिंगमध्ये किंवा केबिनच्या एअर फिल्टरमध्ये. हा फिल्टर धुळीने, पानांनी गच्च भरतो आणि वर्षानुवर्षे कोणी उघडून बघत नाही. दहा मिनिटांचं काम असतं. हवा जोरात येत असेल आणि ती थंड असेल, तर दोष पाण्याच्या वाटेवर किंवा डॅशबोर्डमधल्या झडपेत. या मुलाकडे हवा चांगली येत होती. म्हणजे आता पंख्याकडे बघायचं कारण नव्हतं.

दुसरा प्रश्न. गाडी उभी असताना थंडी वाजते, की चालतानाही? मोठं डिझेल इंजिन नुसतं चालू ठेवून उभं केलं तर फार कमी उष्णता तयार करतं. कडक थंडीत ते तापण्याऐवजी हळूहळू निवत जातं. रात्रभर इंजिन चालू ठेवून झोपणाऱ्याला पहाटे हुडहुडी भरते, त्यात हीटरचा दोष नसतो. म्हणून इकडच्या लांब पल्ल्याच्या ट्रकांत झोपण्याच्या जागेसाठी डिझेलवर चालणारा वेगळा छोटा हीटर बसवतात, त्याचा धूर बाहेर जातो. पण हा मुलगा म्हणाला, "चढावर गाडी पूर्ण ताकदीने ओढत असतानाही हवा थंडच." म्हणजे कारण वेगळं.

तिसरा प्रश्न सर्वांत कामाचा निघाला. "मागे झोपायच्या जागेत ऊब येते का?" त्याच्या ट्रकमध्ये मागच्या बिछान्यासाठी दुसरा हीटर कोअर होता, तोही त्याच इंजिनाच्या पाण्यावर चालणारा. तो म्हणाला, "मागे तर मस्त गरम होतं, चाचा. थांबलो की लगेच मागे जाऊन पाय शेकत होतो."

इथेच अर्धं निदान झालं. एका चुलीला दोन वैल आहेत आणि एकावर कालवण उकळतंय, तर चूल नक्की पेटलेली आहे. इंजिन, थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप, सगळे निर्दोष. वाटेतल्या त्या वर्कशॉपने बदललेला थर्मोस्टॅट चांगला असतानाच बदलला होता. हा एक प्रश्न तिथे कोणी विचारला असता तर ते पैसे वाचले असते. विचारायला अर्धं मिनिट लागतं.

दोन्हीकडे थंडी असती, तर मी वेगळ्या दिशेने गेलो असतो. आधी डॅशबोर्डवरचा इंजिनाच्या तापमानाचा काटा बघितला असता. गाडी धावत असताना तो नेहमीच्या जागेच्या बराच खाली राहत असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असू शकतो. किंवा रेडिएटरचा मोठा पंखा विनाकारण सतत फिरत असतो आणि इंजिनाला तापूच देत नाही. त्याचा घोंगावणारा आवाज केबिनमध्ये ऐकू येतो. मग कूलंटची पातळी. हीटर कोअर उंचावर असतो, त्यामुळे पाणी कमी झालं की पहिला उपाशी तोच राहतो. डॅशबोर्डच्या मागे गुळगुळ असा आवाज येत असेल तर पाण्यात हवा शिरली आहे असं समजावं. इथे एक सूचना लिहायलाच हवी. इंजिन गरम असताना रेडिएटरचं किंवा टाकीचं झाकण कधीही उघडू नये. आत दाब असतो, उकळतं पाणी तोंडावर उडतं. अब्बांच्या गॅरेजात एका क्लिनरचा हात असाच भाजलेला मी लहानपणी पाहिला आहे.

आता तपासायची राहिली ती पुढच्या वैलाकडे जाणारी वाट. बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं, हीटर पूर्ण गरमवर. हीटर कोअरकडे दोन पाइप जातात, एक आत, एक बाहेर. लांबून तापमान मोजणारं छोटं यंत्र दोन्हींवर धरलं. ते नसेल तर सावधपणे, हातमोजा घालून, क्षणभर स्पर्श केला तरी फरक कळतो. यात तीन शक्यता असतात. दोन्ही पाइप चांगले गरम आणि हवा थंड, तर डॅशबोर्डच्या आतली गरम-थंड हवा मिसळणारी झडप अडकली आहे, किंवा तिला फिरवणारी छोटी मोटर गेली आहे. दोन्ही पाइप थंड, तर गरम पाणी तिथवर येतच नाही. कित्येक ट्रकांत या पाइपांवर हाताने बंद करायचा कॉक असतो, कोणीतरी उन्हाळ्यात तो बंद करून विसरलेला असतो. तिसरी शक्यता म्हणजे एक पाइप गरम आणि दुसरा कोमट. याचा अर्थ पाणी आत जातंय पण पुढे सरकत नाही. कोअर तुंबला आहे.

आमच्या यंत्रावर आत जाणारा पाइप ८२ अंश दाखवत होता आणि बाहेर येणारा ३४.

दोन्ही पाइप सोडले आणि उलट्या बाजूने, कमी दाबाने साधं पाणी सोडलं. दाब जास्त दिला तर जुना कोअर फुटतो, आणि तो बदलायचा म्हणजे सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. पहिल्यांदा काहीच आलं नाही. मग थेंब थेंब, आणि मग एकदम तपकिरी-हिरवा चिकट गाळ बाहेर पडला, बिघडलेल्या जेलीसारखा. मुलगा बादलीत वाकून बघत राहिला. म्हणाला, "एवढ्यासाठी?" एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, असं तासाभराहून जास्त वेळ धुतलं. पाणी स्वच्छ यायला लागल्यावर पाइप जोडले. पुन्हा मोजलं, आत ८४, बाहेर ७६. काचेवर येणाऱ्या हवेपुढे हात धरवत नव्हता.

त्याला वाटलं, काम झालं. मी म्हटलं, "अजून नाही बेटा. हा गाळ आला कुठून?"

त्याने टूलबॉक्स उघडला. आत कूलंटच्या तीन अर्धवट बाटल्या होत्या, एक हिरवी, एक लाल, एक पिवळी. दर काही दिवसांनी पाणी थोडं कमी व्हायचं आणि ज्या पंपावर थांबला तिथे जे मिळालं ते आधीच्या ड्रायव्हरने आणि नंतर यानेही ओतलं होतं. ही गोष्ट गाडी ठेवणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. कूलंटचा रंग हा फक्त रंग असतो. एका कंपनीचं लाल आणि दुसऱ्या कंपनीचं लाल आतून वेगळं असू शकतं. गंज रोखणारी रसायनं वेगवेगळ्या जातींची असतात, ती एकमेकांत मिसळली की त्यांचा गुण जातो आणि काही वेळा असा गाळ बनतो. तो सर्वांत आधी अडकतो तो सर्वांत बारीक नळ्यांमध्ये, म्हणजे हीटर कोअरमध्ये. म्हणून गाडीच्या पुस्तकात जी जात सांगितली आहे तीच घालावी. आणि नुसतं पाणी घालत राहिलं तरी धोका आहे. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी असलेलं मिश्रण शून्याखाली ३७ अंशांच्या आसपास गोठतं. पाणी वाढत गेलं की ते त्याच्या कितीतरी आधी गोठतं आणि इंजिनाचा ब्लॉक तडकू शकतो.

मग शेवटचा प्रश्न उरला. पाणी कमी का होत होतं? गरम इंजिनाखाली आम्हाला एकही थेंब दिसला नाही. तेव्हा ट्रक रात्रभर बाहेर उभा ठेवला. सकाळी शून्याखाली २८ अंश होते. इंजिन चालू न करता हातपंपाने पाण्याच्या यंत्रणेत दाब भरला. खालच्या एका पाइपच्या क्लॅम्पपाशी थेंब जमायला लागले. थंडीत रबर आकसतं, क्लॅम्प सैल पडतो, पाणी झिरपतं. इंजिन तापलं की रबर फुगतं आणि गळती आपोआप बंद होते. गरम गाडीत ती सापडणारच नाही. स्प्रिंगचा क्लॅम्प बसवला, तो पाइपबरोबर आकसतो आणि फुगतो. सगळं जुनं कूलंट काढून नवीन एकाच जातीचं भरलं, आत अडकलेली हवा काढली.

सैल क्लॅम्पमुळे पाणी घटलं, ते भरण्यासाठी मिळेल ते ओतलं गेलं, त्याचा गाळ झाला, गाळाने कोअर तुंबला, आणि काचेवर बर्फ धरला. थर्मोस्टॅट आणि पंख्याची मोटर या साखळीत कुठेच नव्हते. त्या क्लॅम्पची किंमत इथल्या दोन कप कॉफीएवढी आहे.

पण माझ्या मते त्या मुलाला सर्वांत उपयोगी पडलेली वस्तू वर्कशॉपमधली नव्हती, त्याच्याच केबिनमध्ये होती. कॅनडात व्यावसायिक ट्रकच्या ड्रायव्हरने रोज गाडी तपासून अहवाल लिहायचा असतो. कोणते दोष किरकोळ आणि कोणते गंभीर, याची छापील यादी गाडीत असते. त्या यादीत हीटर आणि काच साफ करणारा डिफ्रॉस्टर यांचं स्वतंत्र कलम आहे. हीटर नीट चालत नसेल तर तो किरकोळ दोष; लिहायचा आणि दुरुस्त करून घ्यायचा. पण डिफ्रॉस्टर काच साफ ठेवू शकत नसेल आणि समोरचं नीट दिसत नसेल, तर तो गंभीर दोष. गंभीर दोष असलेला ट्रक रस्त्यावर न्यायचा नाही, मग मालाची घाई कोणाला कितीही असो.

मी त्याला ते पान काढून दाखवलं. ही यादी त्याने परीक्षेसाठी इंग्रजीत पाठ केली होती. त्याला वाटायचं ती पोलिसांसाठी आहे, आपल्याला पकडण्यासाठी. मी म्हटलं, "ही तुझ्या बाजूने लिहिलेली आहे. फोनवर तू एकटा बोलतोस आणि समोरचा मोठ्याने बोलतो. पण तू इथे लिहिलंस, की मग तुझ्या लिहिण्याला उत्तर द्यावं लागतं." वर्कशॉपच्या कागदावर मीही स्पष्ट लिहिलं, की कोअर तुंबल्यामुळे काच साफ होत नव्हती. त्याने त्याचा फोटो काढून ठेवला.

तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. यार्डमध्ये त्याला दुसरा ट्रक दिला होता आणि त्याच्या काचेवरची हवा थंडच होती. त्याने अहवालात गंभीर दोष लिहिला आणि चावी परत दिली. डिस्पॅचर चिडला, बरंच बोलला. तासाभराने त्याला तिसरा ट्रक मिळाला. "नोकरी गेली नाही चाचा," तो म्हणाला. त्या आवाजात आनंदापेक्षा आश्चर्य जास्त होतं.

मेहनत करणाऱ्या आपल्या माणसांना सहन करण्याची सवय असते. ऊन सहन करतात, थंडी सहन करतात, आणि त्याचा थोडा अभिमानही बाळगतात. पण गाडी चालवणाऱ्याची थंडी ही एकट्या त्याची नसते. सुन्न पायाला ब्रेक उशिरा सापडतो. पंजाएवढ्या भोकातून बघणाऱ्याला बाजूने आलेलं हरीण किंवा माणूस दिसत नाही. समोरून येणाऱ्या गाडीत कोणाचं तरी कुटुंब बसलेलं असतं. ड्रायव्हरच्या केबिनमधली हवा हे चोचले नाहीत, हे आता आपल्या देशातही मान्य झालं आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची करण्यात आली आहे. तिथे कारण उन्हाचं, इथे बर्फाचं. मुद्दा एकच आहे.

पण रस्त्यावर अजून जुने ट्रकच जास्त आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांत हीटर नाही. आपल्या भागातले कितीतरी ड्रायव्हर हिवाळ्यात उत्तरेकडे माल घेऊन जातात. थंडी असह्य झाली की काही जण काचा बंद करून केबिनमध्ये सिगडी किंवा गॅसची शेगडी पेटवतात. कृपा करून हे करू नका, घरातल्या ड्रायव्हरला करू देऊ नका. बंद जागेत जळणाऱ्या कोळशातून आणि गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, तो डोळ्यांत झोंबत नाही. माणसाला डोकेदुखी, मळमळ, मग ग्लानी येते, आणि झोपेतून तो उठत नाही. घरात खिडकी बंद असलेल्या बाथरूममधल्या गॅस गीझरचा धोकाही हाच आहे. ट्रकमध्ये झोपायचं तर जाड गोधडी, कोरडे मोजे, डोक्याला टोपी, आणि काच दोन बोटं उघडी. आग नको.

आणखी दोन गोष्टी, ज्या कोणत्याही गाडीला लागू आहेत. काचेवर वाफ धरत असेल तर हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण बंद करून बाहेरची हवा घ्या; श्वासातली ओल आत कोंडली की काच धुरकट होणारच. आणि कूलंट चवीला गोडसर असतं पण बहुतेक कूलंट विषारी असतं. ते सांडलं तर लगेच पुसा, आणि त्याची बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी कधी ठेवू नका.

आज महाराष्ट्रातली अनेक मुलं कॅनडा-अमेरिकेत ट्रक चालवतात. त्यांच्या आई-वडिलांना, बहिणींना, बायकांना मला एवढंच सांगायचं आहे. फोनवर "थंडी आहे का?" असं विचारू नका. त्याचं उत्तर "नाही" असंच येणार, तुमची फिकीर वाढू नये म्हणून. त्याऐवजी विचारा, "गाडीच्या काचेवर आतून बर्फ धरतो का?" या प्रश्नाला खोटं उत्तर देणं अवघड जातं, कारण विचारणाऱ्याला काहीतरी माहीत आहे हे मुलाला लगेच कळतं. आणि तो "हो" म्हणाला, तर त्याला सांगा, की माल एक दिवस उशिरा पोहोचला तरी चालेल. आधी गाडी बाजूला घे, कागदावर लिही, आणि काच साफ झाल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.